आईच्या परतीबद्दल

इब्रा, ओमान
शुक्रवार, ७ ऑगस्ट १९९८

चि. लोकेश यास,
स्नेहलताईचा सप्रेम जयभीम.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. आधी शाळा उघडायची गडबड होती, मग उघडल्याची गडबड, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही होता. त्याच्याकडे नंतर येते. प्रेमानंद मजेत आहेत. या महिन्यात त्यांच्या रस्त्याचं काम सूरच्या बाजूला सरकल्यामुळे आता घरी येतात ते गुरुवारी. उन्हाचं विचारू नकोस. इथल्या नळाला दुपारी जे पाणी येतं त्यात चहापत्ती टाकली की काम भागेल.

तू एकच प्रश्न विचारलायस: आई बावीस तारखेच्या विमानाने येतेय ना? सांगते. पण आधी तिचा उन्हाळा कसा गेला ते ऐकून घे. तिला इथे बोलावलं तेव्हा वाटलं होतं, म्हातारी बाई, भाषा येत नाही, एसीपुढे बसून कंटाळेल. कसलं काय! माझी सुट्टी घरात गेली असती. तिने ती मला उन्हात काढायला लावली.

आमची घरमालकीण खुदेजा म्हणून आहे. आईच्याच वयाची, तशीच करारी, आणि आवाज असा की हाक मारली तर पार सूकमधला, म्हणजे बाजारातला, माणूस वळून बघेल. घरामागे तिची खजुराची बाग आहे. जूनच्या शेवटी घड पिवळे झाले आणि ती दारात येऊन आईला म्हणाली, "यल्ला!" म्हणजे चल. दोघींना एकमेकींच्या भाषेतलं ओ की ठो कळत नाही. तरी आईने नऊवारीचा काष्टा आवळला आणि निघाली. मागून मी, छत्री घेऊन.

इथे हा मोठा सोहळा असतो. सगळं घरदार बागेत उतरतं. पुरुष कमरेला दोर बांधून झाडावर चढतात, घड खाली सोडतात, बायका फळं तोडतात, आणि मग मोठाल्या तांब्याच्या कढयांत ती उकळून उन्हात पसरतात. आईने पहिल्याच दिवशी वरच्या माणसाला झापलं, "आरं हळू सोड की! घड हाय, दगुड न्हाय." तो वरूनच नम्रपणे म्हणाला, "इन्शाल्ला." त्या दिवसापासून तो आई बघतेय ना हे बघून मगच घड सोडायचा.

वाळलेली फळं पाहिली आणि आम्ही दोघी येड्यासारख्या एकमेकींकडे बघत राहिलो. अरे, ती आपली खारीक! मला इतकी वर्षं वाटायचं खारकेचं झाड वेगळंच असतं. शाळेत शिकवते म्हणून कोणाला सांगू नकोस. इथून पोतीच्या पोती भारतात जातात म्हणे. आई एक खारीक तळहातावर घेऊन म्हणाली, "लोकेशच्या येळंला माज्या आईनं कुटून दिली व्हती. एवढ्या लांबनं आली व्हती व्हय!" आणि तिने ती पदराच्या गाठीला बांधली.

बुधवारी इथे बायकांचा बाजार भरतो. विकणाऱ्या बायका, घेणाऱ्याही बायका. पुरुषांनी बाहेर थांबायचं. आईला तो इतका आवडला की प्रेमानंदांना मुद्दाम गाडीत बसवून ठेवायची आणि परत येताना खुशाल हसायची. तिला एवढं हसताना आपण कधी पाहिलं होतं? कऱ्हाडला एसटीच्या क्वार्टरमध्ये बाबांच्या पाळ्या सांभाळत, दुसऱ्यांच्या शेतात भांगलण करत तिने आपल्याला वाढवलं. तेव्हा ती थकलेली दिसायची, नाहीतर घाईत दिसायची.

आता जे लिहिते ते नीट वाच.

एके दिवशी काम थांबवून सगळ्याजणी फलजवर पाणी प्यायला गेल्या. फलज म्हणजे डोंगरातून जमिनीखालून आणलेला पाट. गावात जिथे तो उघड्यावर येतो तिथलं पहिलं पाणी फक्त पिण्यासाठी. तिथे कोणी पायसुद्धा घालत नाही. अंघोळी, धुणी, बागा, सगळं त्याच्या खाली. बाया वाकून ओंजळीने पीत होत्या. आई त्यांच्यापासून चार हात लांब, खालच्या अंगाला उकिडवी बसली. ओंजळ तोंडाशी धरली, मान खाली घातली आणि तशीच थांबली.

मला वाटलं हिला चक्कर आली. धावत गेले. मग माझ्या लक्षात आलं. कोणीतरी वरून पाणी ओतेल याची ती वाट बघत होती.

लोकेश, हे मी वाचलेलं आहे. चौदा एप्रिलच्या भाषणांतून ऐकलेलं आहे. पाचवीच्या वर्गाला नागरिकशास्त्रात दोन ओळींत शिकवते. पण ते माझ्या आईच्या हातांत अजून आहे हे मला माहीत नव्हतं. तिने आपल्याला कधी एका शब्दाने सांगितलं नाही. कऱ्हाडच्या त्या नळाखाली आपण पाणी उडवत भांडायचो आणि ती ओरडायचीसुद्धा नाही. का ओरडायची नाही, ते मला इथे कळलं.

खुदेजाला यातलं काय समजणार? तिला वाटलं आईच्या हातात खजुराचा काटा गेला. तिने आईचे दोन्ही हात ओढून घेतले, बोटं उलगडून बघितली. काटा नव्हता. मग तिने स्वतःचे हात आईच्या हातांखाली धरले आणि चारही हात एकदम पाण्यात बुडवले. "इश्रबी," म्हणाली. पी. आई प्यायली. परत परत प्यायली. पदर भिजला, चेहरा भिजला. त्यातलं फलजचं किती आणि तिचं किती, मी पाहिलं नाही. मी माझेच डोळे पुसत होते.

दुसऱ्या दिवशी आई सगळ्यांच्या आधी तिथे हजर. थेट वरच्या तोंडाशी गेली, वाकली, पोटभर प्यायली आणि मला म्हणाली, "ग्वाड हाय गं पानी. काल चवच कळली न्हाय."

अशी बाई आहे ती. साठी ओलांडल्यावर जन्माची सवय एका रात्रीत मोडते आणि वर पाण्याची चव सांगते! मला तिचा इतका अभिमान वाटला की बागेतल्या प्रत्येकीला धरून सांगावंसं वाटत होतं, ही माझी आई. सांगितलंही. त्यांना ते आधीच माहीत होतं.

त्या संध्याकाळी अंगणात बसून ती बोलली. लहानपणी गावच्या विहिरीवर घागर घेऊन कशी बसायची, कोणी पाणी घालेपर्यंत ऊन कसं डोक्यावर यायचं, कधी रिकाम्या घागरीने कशी परतायची. मी ऐकत होते. आणि तेच सांगता सांगता, आवाजही न बदलता, तिने तुझ्या घरचं सांगितलं.

फेब्रुवारीत तुझ्या ऑफिसची माणसं जेवायला आली होती. तू आईला आतल्या खोलीत बसवलंस आणि दार लोटलंस. श्वेताला सांगितलंस, आजी झोपलीय म्हणून सांग. आई झोपली नव्हती, लोकेश. ती पलंगाच्या कडेला बसून बाहेरचं हसणं ऐकत होती.

"तितंबी मी तशीच बसले व्हते," ती म्हणाली. "कोन तरी यील, दार उघडंल, म्हनून."

मी तिथल्या तिथे तुला फोन लावायला उठले. तिने माझा हात धरला. "त्याला बोलू नगं. म्याच शिकवलं त्याला, पुढं बघ, मागं वळू नगं. त्यो ऐकनारा पोरगा. ऐकलं त्यानं."

तुझी अडचण मला समजत नाही असं नाही. आडनाव बदललंस तेव्हा मी गप्प राहिले. मस्कतला, कुरुममध्ये, मराठी लोकांकडे जेवायला गेलो की आम्हालाही पहिल्या घासाला विचारतात, "तुम्ही मूळचे कुठले?" पुढचा प्रश्न कुठे जाणार ते मलाही कळतं आणि मी घाईने दुसरा विषय काढते. पण त्या प्रश्नापासून लपवायचं काय, तर आई? जी नसती तर आपल्याला तो प्रश्न विचारण्याइतपतही कोणी जवळ बसवलं नसतं?

आता शाळेचं. एक तारखेला उघडली. आई म्हणाली, "मलाबी बगायची तुजी शाळा." घेऊन गेले. आमचे प्रिन्सिपॉल रमण सर केरळचे, अबोल गृहस्थ. "माय मदर, सर," म्हटल्याबरोबर खुर्चीतून उठले आणि तीच खुर्ची स्वतः उचलून माझ्या वर्गात आणून ठेवली. आई पहिल्या रांगेशेजारी बसली. मुलं सुट्टीत काय काय केलं ते सांगत होती. कोणी कोचीनला गेलेलं, कोणी हैदराबादला. आमच्या वर्गात अफशीन म्हणून रत्नागिरीच्या कासमभाईंची मुलगी आहे. मराठी येणारी ती एकटीच. ती अडखळत म्हणाली, "आजी, तुम्ही व्हेकेशनमध्ये काय केला?"

आई मुलांसारखी उभी राहिली. बागेचं सगळं सांगितलं, अगदी दगुड न्हाय, घड हाय पर्यंत. अफशीन इंग्रजीत सांगत गेली, मुलं खिदळत गेली. मग एकाने विचारलं, आजी कोणत्या शाळेत होती? अफशीनने विचारलं.

"कुटल्याच न्हाय बाळा," आई म्हणाली. "आज पयलाच दिस हाय."

अफशीनने ते सांगितलं आणि सगळा वर्ग टाळ्या वाजवायला लागला, नव्या मुलीसाठी वाजवतात तशा. मी फळ्याकडे वळले आणि उगाचच तारीख लिहीत बसले.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मी तिला ठेवून घ्यायला तयार होते, व्हिसा वाढवून घेणार होते. ती नको म्हणाली. "लोकेश एकटा पडंल. आन् श्वेताच्या येन्या कोन घालनार?" ती येतेय, बावीसच्याच विमानाने. तुला कळवायला तिने एवढंच सांगितलंय: "येते म्हनावं. पन आतल्या खोलीत बसनार न्हाय." बाकीचं पत्र माझं आहे, तिला न विचारता लिहिलेलं.

आणि हेही माझंच. ती पोचेल त्या आठवड्यात फेब्रुवारीतल्या त्याच माणसांना जेवायला बोलाव. आईला बाहेर, सगळ्यांमध्ये बसव, आणि ती कोण आहे ते तुझ्या तोंडाने सांग. जमणार नसेल तर तसं कळव. मग मी रजा काढून तिच्याबरोबर येते आणि तिला कऱ्हाडला तिच्या घरी पोचवते. कारण विचारलं तर मलाच गावाची आठवण आली म्हणेन. दाराकडे बघत बसायला मी तिला पाठवणार नाही.

फोन करू नकोस. फोनवर तू गोड बोलतोस आणि मी विरघळते. हे पत्र प्रेमानंदांच्या ऑफिसातले शरीफभाई मुंबईला नेताहेत. तू उत्तर कुरियरने पाठव. दोन ओळी पुरेत. फक्त खाली सही करशील तेव्हा माझ्यासारखी कर.

तुझी ताई,
स्नेहल
द्रौपदीबाईंची मुलगी