खिशातलं हलकं रिव्हॉल्व्हर

ओपलताई,

मी मजेत आहे, उगाच काळजी करू नकोस. तुझा गुडघा कसा आहे?

क्लाइड गेल्यापासून मोंटानाच्या या माळावर मी एकटीच, म्हणून तुझं ऐकून रिव्हॉल्व्हर घेतलं. रोज कोटाच्या खिशात मावेल असं. म्हातारा दुकानदार म्हणाला, "खिशाला हलकं आहे बाई, पण गोळी झाडली की मनगटाला जोराचा हिसका बसेल. जरा जड घ्या." म्हटलं, जड घेतलं तर ते घरीच पडून राहील.

मग मूठ कशी आवळायची ते दाखवायला त्याने माझा हात धरला. क्लाइडनंतर कुणी धरलाच नव्हता गं.

मला पहिल्या खेपेलाच जमलं होतं. तरी म्हटलं, "नाही बाई जमत मला, पुन्हा दाखवा."

तुझ्या पत्रासाठी फाटकाकडे डोळे लावून बसलेली,
व्हर्ना