ताईची रंगीत तालीम

सोलापूर,
२१ जुलै

चि. त्र्यंबक यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

परवा फोनवर तू सारखा हो हो म्हणत होतास. मी विचारत काय होते, तर तुझी तब्येत बिघडली आहे का. कानाचं यंत्र सईने तुझ्यासाठी आणलंय, कपाटासाठी नाही. यापुढे मी फोन करायची नाही, पत्रच लिहीन. निदान ते वाचताना तुला हो हो म्हणता येणार नाही.

तर बातमी अशी, की आमची इमारत दिवाळीनंतर पाडायला घेणार. वरदचं म्हणणं, आईने नाशिकच्या एका ज्येष्ठ-निवासात राहायला जावं. त्यांनी रंगीत पुस्तक पाठवलंय. सकाळी योगासनं, दुपारी अंताक्षरी, बुधवारी पाणीपुरी. फोटोतल्या सगळ्या म्हाताऱ्या हसतायत, दात नसलेल्यासुद्धा. तू म्हणतोस, माझ्याकडेच कायमची ये. माधवी गेल्यापासून तुला घर खायला उठतं हे मला कळतं. आमचे हे गेल्यापासून माझंही तेच आहे. पण नुसतं तुझं तोंड बघायला मी येणार नाही. ते मी तू पाळण्यात होतास तेव्हापासून बघतेय.

मागे आले होते तेव्हा तू मला रेल्वेतलं तुझं पार्सल ऑफिस दाखवलंस आणि एक मालगाडी. तीसुद्धा उभीच होती. तेव्हा आता नीट कळव, तुमच्या लोणावळ्यात बघायला काय, खायला काय आणि करायला काय? दोन दिवस येऊन बघते, मग ठरवते. गणपतीपर्यंत वरदला हो किंवा नाही सांगायचंय.

लोभ आहेच, पण तो डोळे उघडे ठेवून आहे.

तुझी,
इंदिराताई


वळवण, लोणावळा,
२६ जुलै

ती. ताईस,
त्र्यंबकचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून वाईट वाटलं. नाशिकची पाणीपुरी आणि आमचं लोणावळं यांची तू तुलना तरी कशी केलीस? अगं, शनिवार-रविवारी इथे इतकी माणसं येतात, की आम्हा गावकऱ्यांना दूध आणायलाही बाहेर पडता येत नाही. यावरून गाव किती बघण्यासारखं आहे ते समज. म्हणून तू सोमवारीच ये.

पहिल्या दिवशी सकाळी वळवण धरणापर्यंत पायी. मग गाडीने टायगर पॉइंट. तिथे कड्यावर उभं राहिलं की खाली खोल दरी, समोर डोंगरांच्या रांगा, छाती दडपून जाते. मग लायन्स पॉइंट, मग राजमाची पॉइंट. प्रत्येकाचं सौंदर्य वेगळं, ते मी तुला तिथे उभं राहून समजावून सांगेन. खायला भाजलेलं कणीस आणि गरमागरम कांदाभजी. बाजारात चिक्की, त्यात शेंगदाण्याची, तिळाची, काजूची आणि हल्ली कसलीकसली, शिवाय फज. दुसऱ्या दिवशी लोकलने बेगडेवाडीला उतरून शिरगावच्या साईबाबांचं दर्शन. कार्ल्याला पायऱ्या फार, तुझे गुडघे बघून ते गाळलं आहे.

करायला काय म्हणशील, तर इतकं बघून आणि खाऊन माणूस दमतो, करायला अंगात काही उरत नाही. मी इथे चाळीस वर्षं काढली, मला कधी कंटाळा आला नाही. तूच ये ताई. वरची खोली झाडून ठेवली आहे.

लोभाला नाशिकची नजर लागू नये, ही विनंती.

तुझा,
त्र्यंबक


तळेगाव,
५ ऑगस्ट

ती. आत्यास,
सईचा शि. सा. न.

हे मी व्हॉट्सअॅपवर पाठवलं असतं, पण मागच्या वेळी माझं गुपित तू बाबांनाच फॉरवर्ड केलंस. कागद फॉरवर्ड करायला तुला निदान पोस्टात जावं लागेल.

आत्या, बाबांनी तुला कळवलेला एकही पॉइंट त्यांनी स्वतः पाहिलेला नाही. आपल्याच गावात फिरायला जायचं म्हणजे त्यांना आपल्याच घराची बेल वाजवून आत जाण्यासारखं वाटतं. तू येणार म्हटल्यावर मात्र घाबरले, आणि गेल्या सोमवारी त्यांनी सहलीची रंगीत तालीम घेतली. गाडी हौशीरामची ओम्नी. हौशीराम म्हणजे आपल्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या नंदाबाईंचा दीर. पॉइंट त्यानेही पाहिलेले नाहीत, पण पार्किंग समदं पाठ हाय म्हणाला.

आता ताईशिवाय ताईच्या सहलीची तालीम कशी होणार? म्हणून बाबांनी नंदाबाईंना ताई केलं. तुझा स्वभाव समजावून सांगितला, कशात खोड काढतेस, कुठे गप्प बसतेस, सगळं. नंदाबाई आधी म्हणाल्या, भाऊ, आमाला न्हाई जमायचं ते. पण टायगर पॉइंटला उतरेपर्यंत त्यांना जमायला लागलं. गाडी हादरते म्हणाल्या. चहा पाणचट आहे म्हणाल्या. मग थेट, त्र्यंबक, कानातलं यंत्र कुटं हाय, असं एकेरीत विचारलं. बाबा खूश! अगदी ताई, अगदी ताई, असं हौशीरामला सांगत सुटले. पॉइंटवर दिसलं काय, तर धुकं. पण ते तालमीत चालायचंच, म्हणाले.

खरा घोळ घरी आल्यावर झाला. आपल्याकडची रीत तुला माहीत आहे, थोरल्याने पहिला घास घेतल्याशिवाय कोणी जेवत नाही. बाबा सवयीने ताटावर थांबले. नंदाबाईही उठेनात. मी थोरली हाय, मला चुलीपुढं कसं धाडता, म्हणाल्या. मुद्दा बिनतोड होता. तेव्हापासून बाबा पिठलं करतात, नंदाबाई पहिला घास घेतात आणि मीठ कमी आहे म्हणतात. तालीम संपली हे त्यांना सांगायची बाबांची छाती होत नाही, कारण ताईला उलट बोलायची त्यांना सवयच नाही. मी रविवारी गेले, तर नंदाबाईंनी मला किती दिवस राहणार असं विचारलं आणि वाळलीस म्हणाल्या.

एक मात्र झालं. नंदाबाईंनी हुकूम सोडल्यापासून बाबा दिवसभर यंत्र घालतात. मी चार वर्षं सांगून दमले होते.

माझं नाव कुठे येऊ देऊ नकोस, आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
सई


सोलापूर,
९ ऑगस्ट

चि. त्र्यंबक यास,
आशीर्वाद. या वेळी अनेक नाहीत.

मी जिवंत असताना तू माझ्या जागी दुसरी ताई बसवलीस? कोणी कळवलं हे विचारू नकोस, सईने कळवलं. मी नाशिकला जाऊ का तुझ्याकडे येऊ, या विचाराने इथे झोप लागेना, आणि तिकडे माझी जागा भरूनसुद्धा झाली! पिठलं करतोस म्हणे. मी आले होते तेव्हा तुला गॅस पेटवता येत नव्हता.

अठरा तारखेला सोमवारी पोहोचते. त्या बाईंना म्हणावं, घरीच थांबा. तुमच्या गावात मला सगळ्यात आधी त्यांनाच बघायचंय. दरी कुठे पळून जात नाही.

लोभाचं काय ते आल्यावर बघू.

खरी,
इंदिराताई


वळवण,
१३ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न., दोन्ही हात जोडून.

चुकलो. नंदाबाईंना आजच सांगितलं, की खरी ताई येतेय, आता आपण खाली उतरावं. त्या म्हणाल्या, येऊ द्या की, मी कुटं न्हाई म्हनते, घर लय मोठं हाय. पिठल्याला मात्र तू नावं ठेवायची नाहीस, ते मला येऊ लागलंय.

राग आणलास तरी छत्री विसरू नकोस.

तुझा,
त्र्यंबक


सोलापूर,
२२ ऑगस्ट

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

तुला शाळेतल्या नोकरीमुळे येता आलं नाही, म्हणून सगळं लिहिते. स्टेशनवर तुझे बाबा, आणि त्यांच्या शेजारी जरीच्या काठाची साडी नेसून नंदाबाई. मी नमस्काराची वाट बघत उभी, त्याही नमस्काराची वाट बघत उभ्या. शेवटी हौशीरामने दोघींना नमस्कार केला आणि आम्ही गाडीत बसलो. पुढची जागा कोणाची यावरून बोलणं झालं, मग दोघी मागे बसलो आणि पुढे माझी पिशवी बसली.

टायगर पॉइंटला उतरलो. ढग. तुझे बाबा कठड्याशी उभे राहून, ही बघ दरी, हे समोर डोंगर, असं हात करून सांगत होते. मला त्यांचा हातसुद्धा नीट दिसत नव्हता. भजी आली. आता पहिलं भजं कोणी घ्यायचं? मी म्हटलं, थोरली मी. त्या म्हणाल्या, गेल्या दोन-तीन हप्त्यांची थोरली मी. आमचा निकाल लागेपर्यंत हौशीरामने बशी संपवली आणि गार होत हुती म्हणाला.

मग लायन्स पॉइंट. तिथेही ढग, आणि तुझ्या बाबांनी तो ढग वेगळा कसा आहे ते सांगितलं. मग तिसरा पॉइंट. तिथल्या भजीवाल्याने मला विचारलं, आजी, मगाच्या भज्याला तिखट जास्त झालं का? मी चमकले. तुझे बाबा म्हणाले, हे भजीवाले सगळे भाऊ-भाऊ असतात, चेहरे सारखेच. हौशीराम मात्र मान खाली घालून कबूल झाला. पुढचा रस्ता बंद होता. भाऊंना वाईट वाटू नये म्हणून तो दोनदा फिरवून आम्हाला त्याच जागी घेऊन आला होता. म्हणजे सबंध दिवसात मी एकच ढग तीन नावांनी बघितला.

तुझे बाबा तोंड पाडून गाडीत जाऊन बसले. तेव्हा नंदाबाई माझ्याशी पहिल्यांदा नीट बोलल्या. म्हणाल्या, ताई, मी सासरी समद्यात धाकली सून. जावा, सासू, दीर, समदे जेवले की मग माजं ताट. पहिला घास कसा लागतो ते मला म्हाईतच नव्हतं. भाऊंनी ताई केलं तवा कळलं, ऊन लागतो. सई, माझा सगळा राग तिथेच उतरला. मी दुसरी बशी मागवली आणि पहिलं भजं त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी त्यातलं अर्धं मला दिलं. मग आम्हाला जे हसू फुटलं, ते थांबेना. शिरगावला दुसऱ्या दिवशी दर्शन झालं, बेगडेवाडीच्या फलाटावर बसून चिक्की खाल्ली. तिथे ढग नव्हता, पण मला उगाच चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

वरदला काय कळवावं ते अजून ठरत नाही. पुस्तकातल्या त्या बायका माझ्याकडे बघून हसतायत. स्टेशनवर तुझ्या बाबांना रडू दिसू नये म्हणून गाडी सुटेपर्यंत मी पिशवीत तिकीटच शोधत बसले. त्यांना वाटलं असेल मी रागावले.

आठवण ठेव आणि जेवत जा, खरंच वाळलीस म्हणे.

तुझी,
इंदिराआत्या


वळवण,
२३ ऑगस्ट

ती. ताईस,
त्र्यंबकचा शि. सा. न. वि. वि.

गाडी सुटली तरी तू काही बोलली नाहीस, तेव्हा मी काय ते समजलो. तू नाशिकला जा. तिथे जे दाखवतील ते निदान दिसेल. मी तुला खोटं लिहिलं. यांतला एकही पॉइंट मी पाहिला नव्हता. तू यावीस म्हणून मी पाहिजे ते लिहिलं असतं.

काल अचानक उघडलं. मी एकटाच हौशीरामला घेऊन टायगर पॉइंटला गेलो. तोही गाडीतच झोपला. सगळं स्वच्छ दिसत होतं ताई, पार खालपर्यंत. मी थोडा वेळ उभा राहिलो. शेजारी कोणी नव्हतं, म्हणून तोंडातून अहाहासुद्धा निघालं नाही. भजी न खाताच परत आलो.

नंदाबाई कालपासून पुन्हा स्वयंपाक करू लागल्या आहेत. मी बस म्हटलं तरी बसत नाहीत. खऱ्या ताईला बघितल्यावर खोटं बसवत न्हाई, म्हणतात. जेवण आता चांगलं असतं, पण जात नाही.

नाशिकला पोहोचलीस की पत्ता कळव. लोभ तिकडेही पाठवत जाईन.

तुझा,
त्र्यंबक


सोलापूर,
२७ ऑगस्ट

चि. त्र्यंबक यास,
अनेक, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं आणि मी पदराने डोळे पुसत वरदला फोन लावला. त्याला सांगितलं, ते पुस्तक मी परत पाठवतेय. तो म्हणाला, आई, तू लोणावळ्यात बघितलंस तरी काय? मी म्हटलं, काहीच नाही, आणि इतकी मी कित्येक वर्षांत हसले नव्हते.

वरची खोली मला नको, जिने चढवत नाहीत. खालच्या खोलीत माझी कॉट टाक. नंदाबाईंना निरोप दे, की रविवारी त्या थोरल्या. त्या दिवशी तू पिठलं करायचंस, मी भाकरी थापीन आणि पहिला घास त्यांचा. इतर दिवशी थोरली मी, यात सवलत नाही. यंत्र घालत जा. इमारत पडायची वाट मी बघणार नाही, गौरी-गणपती उरकले की निघते. या खेपेला परतीचं तिकीट काढणार नाही.

आणि हे बघ, दरीत खाली काय काय दिसलं ते पत्रात लिहू नकोस. मी येतेय. समोर बसून सांग.

तुझी,
इंदिराताई