शेळी क्रमांक सातच्या गुडघ्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
सांधे व कूर्चा संशोधन केंद्र,
घोडबंदर रोड, ठाणे (प.)

विषय : शेळी क्र. ७ चा निकाल खरा नसल्याची कबुली व फेरतपासणीची विनंती.
संदर्भ : औषध-चाचणीसाठी निवडलेल्या आठ रुग्णांची यादी, दि. ७ जुलै २०२५.

महोदय,

मी काळुराम नाथा मढवी, राहणार कळवा, आपल्या पशुगृहात एकोणीस वर्षे परिचर आहे. खालील मजकूर कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे.

१. गेल्या ऑक्टोबरात डॉ. संचिता गुप्ते मॅडमच्या प्रयोगासाठी आठ शेळ्या आल्या. सात जणींच्या गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे हाडांमधली गादी, थोडी खरवडून तिथे प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी भरल्या. आठवीला नुसती चीर देऊन टाके घातले, कारण तिची फक्त चाल बघायची होती. सहा महिन्यांनी सात जणींना मारून गुडघे तपासायचे व आठवीला जिवंत सोडायचे, असे ठरले होते.

२. सातवीने शस्त्रक्रियेनंतर चार दिवस काही खाल्ले नाही. मी तिला हाताने शेवरीचा पाला भरवला. पुढे ती माझ्या मांडीवर हनुवटी टेकून रवंथ करू लागली. इंजेक्शनचा अंमल होईपर्यंत जनावराचे डोके धरणे हे माझे काम आहे. दोन दिवसांत मी सहा जणींची डोकी धरली. सहाही जणी माझ्याकडेच बघत होत्या. २२ एप्रिलला सातवीची पाळी होती. सकाळी मी सातवी व आठवीच्या कानातले बिल्ले बदलले. दोघी काळ्याच, व्रणही सारखेच, त्यामुळे कोणाला कळले नाही. सातवीच्या जागी आठवी दोरी न लावता माझ्या मागून चालत आली.

३. अहवालात सातवीचा म्हणून तो एकच गुडघा पूर्ण भरून आल्याचे नमूद आहे. त्यात मुळात काही खरवडलेलेच नव्हते. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आले. बारा वर्षांनी एक तरी गुडघा भरला, असे म्हणून त्यांनी मला पेढा दिला. तो मी खाऊ शकलो नाही. त्या गुडघ्याचा फोटो हजेरीच्या टेबलावर लावला आहे व मी रोज त्याखाली सही करतो. आता पशुगृहात दुसऱ्या प्रयोगाच्या सहाच शेळ्या आहेत, तरी माझ्या हातून एका रिकाम्या खणात चारा पडतो. व्हरांड्यातून जाताना मागून खुरांचा आवाज येतो. वळून बघितले तर कोणी नसते. हे मी रजेसाठी लिहीत नाही.

४. वाचलेली शेळी आठवी समजून रीतसर माझ्याच ताब्यात देण्यात आली. माझी आई गंगुबाई हिने तीस वर्षे मिठागरात काम केले. आता ती घराच्या दोन पायऱ्या बसून उतरते. त्या निकालावरून माणसांवर चाचणी ठरली व मॅडमनी तिचे नाव रुग्णांच्या यादीत तिसरे घेतले, तेव्हा मी गप्प राहिलो. मनुष्याला कदाचित गुण येईल, अशी मी स्वतःची समजूत घातली. जूनपासून शेळी लंगडू लागली. काल, रविवारी, आई पायरीवर बसून बराच वेळ तिच्याकडे बघत होती. औषध दिलेली हीच का, असे तिने विचारले. मी नाही म्हणालो, हिला नुसते टाके घातले होते असे सांगितले.

"काल्या, टाके तं हिला नुसतेच घातलेले ना? मंग ही कशी लंगरते?"

मी सर्व सांगितले. ती रागावली नाही. यादीतले बाकीचे सात कोण, एवढेच तिने विचारले. मला एकाचेही नाव ठाऊक नव्हते.

"त्यांना पन कोनी असल," ती म्हणाली. "जा, सांग."

५. सबब, फेरतपासणी होईपर्यंत चाचणी थांबवावी. मॅडमना यातले काहीही माहीत नव्हते, त्यांना दोष देऊ नये. माझ्यावर जी कारवाई होईल ती मला मान्य आहे. शेळी आज मी सोबत आणली असून ती पशुगृहात बांधली आहे. एमआरआय काढून भागत असेल तर तिचा जीव वाचवावा. गुडघा उघडणे भागच असेल, तर मला कामावरून काढले असले तरी त्या दिवशी बोलावून घ्यावे. तिचे डोके मी धरीन. परक्या हाताला ती घाबरते.

केल्या कृत्यास जबाबदार,
काळुराम नाथा मढवी
पशुगृह परिचर
दि. १४ जुलै २०२५