एकशे सत्तेचाळिसावा कपटा

४ जून
ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

दिवसभर ग्रंथालयाच्या काउंटरवर शिक्के मारते आणि संध्याकाळी वर्गात बसून ते का मारायचे ते शिकते. आई म्हणते, पोरगी पुस्तकांत राहते आणि एकही वाचत नाही. खरंच आहे ते. पण आमच्या ग्रंथपालबाई हिवाळ्यात निवृत्त होतात. तोवर पदवी हातात पडली तर खुर्ची माझी. नाहीतर बाहेरून कोणी येईल आणि मी शिक्के मारतच म्हातारी होईन.

सगळी मदार प्रबंधावर. विषय: न वाचली जाणारी पुस्तकं काढून टाकणं. ज्या पुस्तकावर दहा वर्षांत तारखेचा शिक्का पडला नाही, ते बाद. अशी दोनशे बारा निघाली. यादीची कार्बन प्रत पाठवते, शुद्धलेखन तेवढं तपास. १४७ बघून भडकू नकोस. तुझा भाषणसंग्रह आहे तो. शेवटचा शिक्का अकरा वर्षांपूर्वीचा, आणि तेव्हाही तो आईनेच नेला होता.

हे वाचून झाल्यावरही तुझी लाडकी,
खारूताई

११ जून
चि. खारूताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

भडकू नकोस? अगं, चोरालासुद्धा बाजू मांडू देतात! पुस्तक दहा वर्षं गप्प उभं राहिलं, हा त्याचा गुन्हा? दहा वर्षांत तुमच्यापैकी एकाने तरी त्याच्यासाठी तोंड उघडलं का? (इथे मूठ आपटल्यामुळे शाई सांडली आहे. तुझे काका म्हणतात, समोर श्रोते नसतील तेव्हा आवाज कमी ठेव.)

असो. अभ्यास तुझा. मी लुडबुड करणार नाही. तुमच्या ग्रंथालयाची पायरीही चढणार नाही, हा शब्द. शुद्धलेखनाच्या चुका सात.

आशीर्वाद आहेतच, न मागता सल्लाही.
मावशी

२ जुलै
ती. मावशीस,
सा. न. वि. वि. (दातओठ खाऊन).

पायरी चढली नाहीस, खरं. पण तीन आठवड्यांत बाद यादीतली एकसष्ट पुस्तकं गेली! कोपऱ्यावरच्या शिंप्याने मधमाश्या पाळण्याचं नेलं. दातांच्या डॉक्टरांनी दीपस्तंभांचा इतिहास. तुझ्याबरोबर फिरायला येणाऱ्या आजींनी इंजिनदुरुस्तीचं. प्रत्येकाच्या हातात कागदाचा कपटा, आणि त्यावर अक्षर माझं! माझीच यादी कात्रीने कापून वाटलीस? शिंपी म्हणाला, बाई बागेतल्या बाकावर उभ्या राहून असं काही बोलल्या की त्यांनी दगड दिला असता तरी घरी नेला असता.

मार्गदर्शक सरांनी कपाळाला हात लावला. आकडे नासले, म्हणाले. वीस ऑगस्टला तोंडी परीक्षा आहे आणि माझ्या नियमाचं तू वाटोळं केलंस.

एकच कळत नाही. १४७चा कपटा घेऊन कोणीच कसं आलं नाही?

रागावलेली, तरी तुझीच,
खारूताई

८ जुलै
चि. खारूताईस,
आशीर्वाद, जरा दबक्या आवाजात.

चुकले. म्हणजे बोलले ते बरोबरच, तुला न सांगता बोलले हे चुकले. परीक्षकांपुढे येऊन कबुली देऊ? काका म्हणतात, नको, पोरीचं उरलंसुरलंही जाईल.

१४७चा कपटा माझ्या चष्म्याच्या डबीत होता. सोबत पाठवते. दुसऱ्यांसाठी मी बाकावर चढते. स्वतःसाठी चढले असते तर ते भाषण नव्हे, भीक झाली असती. नियमाने जाऊ दे त्याला.

पण बघ. पुस्तक नेलं, एवढंच तुझ्या शिक्क्याला कळतं. वाचलं का, हे तू विचार.

तुझ्या रागाचीही वाट पाहणारी,
मावशी

१ डिसेंबर
ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

निकाल लागला. पास! पुस्तकं परत आली तसं एकसष्ट जणांना गाठून विचारलं होतं. अडतीस जणांनी ते उघडलंही नव्हतं (दातांचे डॉक्टर उघडलं म्हणाले, पण पानं चिकटलेलीच होती). तेवीस जणांनी वाचलं. शिंप्याने गच्चीवर मधमाश्यांच्या दोन पेट्या ठेवल्यात, तोंड सुजलंय आणि पुढचं पुस्तक मागतोय. हे तेवीस वाचक आले कुठून, असं परीक्षकांनी विचारलं. घरचा आजार आहे, मावशीकडून लागतो, असं सांगितलं. आता आमच्याकडे नवा नियम आहे: बाद करण्याआधी पुस्तक महिनाभर काउंटरवर ठेवायचं आणि येईल त्याला त्याच्याविषयी दोन वाक्यं सांगायची.

आज सकाळी अकराला खुर्चीत बसले. पहिली सही बाद यादीवर. १४७ तीत आहे. महिनाभर काउंटरवर होतं, पण मी स्वतःच वाचलेलं नाही, तर सांगणार काय? रद्दचा शिक्का मीच मारला, तू म्हणालीस तसा. रद्द पुस्तकं दाराजवळच्या टेबलावर ठेवतो, कोणीही न्यावीत. फक्त कर्मचाऱ्यांना मनाई. तुझं पाच मिनिटांत गेलं.

अकरा वाजून दहा मिनिटांनी नव्या ग्रंथपालबाईंनी नियम मोडला. आत्ता पान चाळीसवर आहे, खुणेला तोच कपटा. मावशी, तू इतकं खट्याळ लिहितेस, हे मला कोणीच कसं सांगितलं नाही गं?

लोभ आहे तसाच राहू दे. भाषणं मात्र आधी कळवून कर.
खारूताई