हरलेल्याच्या दारात बाजा बंद

अण्णा, काल आमदारकीचा निकाल लागला आणि जिंकलेल्याची मिरवणूक आपल्या गल्लीतून गेली. त्यावरून तुम्हाला एक विचारायचं राह्यलं होतं ते आठवलं, म्हणून लिहून राह्यलो. लिहिणं माझं काम न्हाई. सातवीतून तुम्हीच मला काढलं आणि गळ्यात ताशा अडकवला, तेव्हा जसं जमंल तसं लिहितो, चुका काढू नका. तुम्ही ज्या वयात गेले ते वय मी कधीच मागं टाकलं. आता नात्यानं तुम्ही बाप आणि वयानं मी मोठा, त्यामुळं सरळच विचारतो. त्या वकिलाच्या दारात तुम्ही बाजा काहून बंद केल्ता?

तेव्हाही आमदारकीचाच निकाल होता. मतं हातानं मोजायचे, मोजणी संपता संपायची न्हाई, आणि आपण सगळे लाल कोट घालून बाहेर लिंबाखाली बसलेलो. दोन्ही बाजूंनी तुम्हालाच सांगून ठेवलेलं. जो जिंकंल त्याचा बाजा. येणारा जाणारा विचारायचा, उस्ताद, तुम्ही कुणाकडून? तुम्ही म्हणायचे, मी जिंकणाऱ्याकडून, फक्त त्याचं नाव अजून कळलं न्हाई. लोक हसायचे. तुम्ही हसत नव्हते, क्लॅरोनेटची पत्ती जिभेवर ओली करत बसायचे. आदल्या दिवशी आईनं चुलीपुढं बसून सगळे पितळी बाजे चिंचेनं घासलेले, आपली स्वयंपाकाची भांडी बाजूला काळीच. तुमच्याशी बोलायचं तर तिला उजव्या अंगाला यावं लागायचं. तुमच्या डाव्या कानाशी जन्मभर आपल्या बाजातल्या चाचांचा मोठा ढोल होता, तो कान कामातून गेल्ता. ती दोनदा विचारायची, जेवता का. तिसऱ्यांदा ताटच आणून आदळायची. तुम्ही म्हणायचे, ऐकू आल्तं की. आल्तं न्हाई, आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. तुम्हाला वाटायचं आम्हाला माहीत न्हाई.

निकालाच्या प्रत्येक मिरवणुकीआधी तुमचं एकच सांगणं असायचं. हरलेल्याचं घर आलं की मी क्लॅरोनेट खाली करीन, सगळ्यांनी बंद. दार मागं पडलं की परत सुरू. मी एकदा विचारलं, काहून? तुम्ही म्हणले, हरलेल्याच्या घरातही लगीन निघतंच. मला ते पटलं. धंद्याचं बोलणं होतं, त्यात देखावा न्हाई, कुणाला मोठेपणा न्हाई. पुढं मी बाजा चालवला तेव्हाही तसंच केलं आणि कुणी विचारलं तर हेच उत्तर दिलं.

पण वकिलाचं काय? तो एकटा जीव. लगीन केलं न्हाई, पोर न्हाई, पुतण्या न्हाई, घरात एक मांजर. दर निवडणुकीला उभा राहायचा आणि दर निवडणुकीला पडायचा. त्याच्या दारातून कसली वरात निघणार होती? तरी जुन्या जालन्यातलं ते वळण आलं, आणि तुमचं क्लॅरोनेट खाली गेलं. मी गुलालाच्या धुंदीत होतो, माझ्या काड्या दोनदा जास्त पडल्या. चाचा बाजूनं म्हणले, "अरे हात रोक, उस्ताद रुक गये." मंग नुसता चपलांचा आवाज आणि जीपचं इंजिन. वकील दारात उभा होता. कोट घातलेला, बूट घातलेले, जशी काय कोर्टाची वेळ झाली. सगळं एकदम थांबलं म्हणून जिंकलेला माणूस जीपमधून उतरला. वकील पायरी उतरून आला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि काहीतरी बोलला. एका शब्दात आटपलं न्हाई, चांगलं बराच वेळ बोलला. मी मागं होतो, मला फक्त जिंकलेल्याचं तोंड दिसत होतं. त्याचं हसू गेलं, मंग परत आलं, पण आधीचं न्हाई, वेगळं. तो खाली वाकला, वकिलाच्या पाया पडला. तुम्ही एका हाताच्या अंतरावर उभे होते.

घरी येऊन मी पहिलं ते विचारलं. वकील काय बोलला? तुम्ही पत्ती पुसत होते. वर न बघता म्हणले, "बाजेवाल्यानं ऐकायचं नसतं." आणि वरून मलाच झापलं. "बंद म्हणजे बंद. तुझ्या काड्या दोनदा पडल्या. त्या माणसाच्या दारात तू ताशा वाजवलास." मी पण तोंडाचा तिखट. म्हणलो, त्याच्या घरात कुठं लगीन निघणार आहे? तुम्ही माझ्याकडं बघत राह्यले. आईनं ताट आणलं, तुम्ही म्हणले, जेव. विषय संपला. माझ्या डोक्यात तो संपला न्हाई.

आता कालचं ऐका. बाजा मी कधीच बंद केला, डीजे आल्यावर आपल्याला कोण विचारतं. मस्तगडला कुकर आणि शेगड्या दुरुस्त करतो. तुमचा पणतू, म्हणजे माझा नातू, जिंकलेल्याच्या कार्यकर्त्या पोरांत फिरतो. आपल्या भिंतीला भिंत लागून एक बाई राहतात, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेल्या. नवरा न्हाई, लेक लांब दिलेली. या नातवाला त्यांनीच ओट्यावर बसवून अक्षरं गिरवायला लावली. माझी बायको गेल्यापासून सकाळचा चहा भिंतीवरून त्यांच्याकडून येतो. कप इकडं येतो, रिकामा तिकडं जातो, त्यात बोलणं फार न्हाई. तर या बाई यंदा अपक्ष उभ्या राह्यल्या. कशासाठी, तर नळाचं पाणी कधी येणार ते आधी सांगत न्हाईत, एवढ्या एका भांडणापायी. मी म्हणलो, बाई, त्याला आमदार कशाला व्हायचं, नगरपालिकेत जाऊन ओरडा. म्हणल्या, ओरडून घसा बसला, आता उभं राहून बघते. चिन्ह मिळालं कुकर. माझ्याच दुकानातला एक जुना कुकर घेऊन, रिक्षात बसून गल्लोगल्ली फिरल्या. लोक हसले. मोजणीत शेवटून कुठंतरी राह्यल्या.

मिरवणूक आपल्याच गल्लीतून जाणार हे सकाळीच कळलं. मी भिंतीवरून म्हणलो, बाई, दुपारी दार लावून घ्या. म्हणल्या, "काहून? मी काय चोरी केली?" आणि मेथीची जुडी घेऊन नेहमीसारख्या ओट्यावर बसल्या. मला मंग करमंना. बदनापूरहून आणलेला डीजे, त्याच्यापुढं आपलाच नातू नाचणार, आणि तेही ज्या ओट्यावर अक्षरं शिकला त्याच ओट्यासमोर. उद्या मी त्या भिंतीवर हात कसा पुढं करायचा? आणि कप आलाच न्हाई तर? तुम्हाला हसू येईल, पण माझं सगळं त्या कपात अडकलेलं होतं.

मी कोपऱ्यावर जाऊन नातवाला गाठलं. डीजेची गाडी मागं, तिच्यामागं जिंकलेल्याची उघडी जीप, वर क्रेनला लटकवलेला सफरचंदांचा हार. म्हणलो, बाईंचं दार आलं की बंद कर.

"आजोबा, डीजे मधीच बंद करत नसतात. गाणं तुटतं."

"तुटू दे."

"बाईंना काही वाटत न्हाई. सकाळी मला म्हणल्या, नाचतोस तर नाच, कानात कापूस घाल."

बाजूचा पोरगा म्हणला, "कोण बाई? उभ्या होत्या का त्या?"

"बघा," नातू म्हणला, "लोकांना माहीतच न्हाई की त्या हरल्या. तुम्ही बंद केलं तर उलट सगळ्यांना कळंल."

पोरगं बराबर बोलत होतं. पण बराबर बोलणाऱ्याचं ऐकायची मला सवय न्हाई, ते तुमच्याकडून आलंय. मी जाऊन सरळ गाडीपुढं उभा राह्यलो. ड्रायव्हर ओरडला, "ओ बाबा, मरायचंय का?" मी हात वर केला आणि खाली आणला, तुम्ही क्लॅरोनेट आणायचे तसा. ड्रायव्हरला काय कळणार त्यातलं. नातवाला लाज वाटली, मी चिरडून मेलो तर घरी काय सांगणार, म्हणून त्यानं चढून बटण फिरवलं.

आणि बंद. अण्णा, तुमच्या वेळची शांतता वेगळी होती, ती लोकांना ओळखीची होती. कालची कुणालाच कळंना. कुणी म्हणलं लाइट गेली. कुणी म्हणलं घरात पेशंट आहे का. सगळी गल्ली बाईंच्या ओट्याकडं बघायला लागली. बाई माझ्याकडं बघत होत्या, शाळेत खोडी काढणाऱ्याकडं बघतात तशा. मला तिथंच कळलं की आपण घोटाळा केला. ज्या बाईंना कुणी विचारत नव्हतं, त्यांना मी अख्ख्या गावापुढं उभं केलं.

तेवढ्यात जिंकलेला जीपमधून उतरला. त्याला वाटलं, इथं ओवाळायचा कार्यक्रम ठेवलाय. प्रत्येक दारात बाया ताट घेऊन उभ्याच होत्या, त्याचं तरी काय चुकलं. पायापासून केसापर्यंत गुलाबी झालेला तो माणूस बाईंच्या पायरीशी आला आणि त्यानं कपाळ पुढं केलं. बाईंच्या हातात मेथी. मागून कुणीतरी म्हणलं, "आजी, ओवाळा साहेबांना." दुसरा म्हणला, "अरे, ह्या कुकरवाल्या बाई, ह्या साहेबांच्या विरोधात होत्या." थोडं हसणं झालं. तो माणूस तसाच वाकलेला, वर यावं का न्हाई त्याला कळंना.

बाईंनी मेथी खाली ठेवली. हात पदराला पुसला. ताट न्हाई, दिवा न्हाई, हळदकुंकू न्हाई. त्याच्याच खांद्यावरचा गुलाल बोटावर घेतला आणि त्याच्या कपाळाला लावला. मंग त्याचं डोकं आणखी थोडं खाली घेतलं आणि कानापाशी बोलल्या. बराच वेळ. मी जवळच होतो, हात लांबवला असता तर दोघांना लागला असता. तो सरळ झाला तेव्हा त्यानं बाईंना हात जोडले, आणि सगळे मोबाइल त्याच्यावर रोखलेले असताना एकाकडंही बघितलं न्हाई. तसाच जाऊन जीपमध्ये बसला.

बाई मोठ्यानं म्हणल्या, "हां, वाजवा आता. इथं काय मयत झालंय का?" नातवानं बटण फिरवलं आणि भिंती हलायला लागल्या.

संध्याकाळी नातू आला, कानाच्या पाळीपर्यंत गुलाल. पाणी पिऊन समोर बसला. "आजोबा, बाई काय बोलल्या साहेबांना? सगळे मला विचारून राह्यले. साहेब नंतर नाचलेच न्हाईत." मी म्हणलो, बाजेवाल्यानं ऐकायचं नसतं. आपोआप निघालं तोंडातून. तो माझ्याकडं असा बघायला लागला, जसं काय माझ्यापाशी फार मोठं काही ठेवलेलं आहे. मी तुमच्याकडं असंच बघत होतो का?

आज सकाळी मी उगाच भिंतीपाशी घुटमळत होतो. कप आला. त्याच्यामागून बाईंचा आवाज आला, "काल माझी चांगली फजिती केली तुम्ही. कुणाच्या ध्यानात नव्हतं, आता दूधवालाही विचारतो, बाई, किती मतं पडली." मी म्हणलो, चुकलं. त्या म्हणल्या, "चुकलं तर खरं. पण तुम्ही बंद केलं नसतं तर त्या माणसाशी मला बोलता कधी आलं असतं? आता पाच वर्षं कोण भेटू देतंय." मंग परत म्हणल्या, "पण मी बोलले ते बराबर बोलले ना? तुम्ही तर बाजूलाच होता."

मी म्हणलो, "बिलकुल बराबर बोलल्या."

त्यांना बरं वाटलं. चहात आज साखर जास्त होती. तर वकिलाच्या दारात तुम्ही बाजा काहून बंद केला ते मला आता थोडं कळल्यासारखं वाटतं. लगीन निघायचं असो नसो, हरलेल्याला एकदा बोलायचं असतं, आणि बाजा चालू असताना कोण कुणाचं ऐकतं. का तुमच्या मनात दुसरंच काही होतं? हे पत्र कुठं टाकायचं ते तुम्हीही सांगू शकत न्हाई, म्हणून कुकरच्या रिंगांच्या खोक्यात ठेवून देतो.

एक राह्यलं. बाईंचा एकही शब्द मला ऐकू आला न्हाई. डीजे बंद झाला, पण माझ्या कानात तो चालूच होता, नुसतं घुं घुं, आणि बाईंचे ओठ हलताना दिसत होते. आता बाईंना विचारता येत न्हाई, कारण बराबर बोलल्या म्हणून बसलो. नातवाला सांगता येत न्हाई, तो अजून माझ्याकडं तसाच बघतो. आणि चहा पिता पिता आणखी एक आठवलं. आपण वळणावरून आलो तेव्हा वकिलाचं दार डाव्या हाताला होतं, अण्णा. तुमच्या गेलेल्या कानाकडं.