परत आले की लिहीन

४ फेब्रुवारी

तुला उद्देशून लिहितो आहे, ते या एका परिच्छेदापुरतेच. तुझ्यामागे मी एकटाच बोलत बसणार नाही, असे तुला सांगितले होते, आणि तू हसून "बघू" म्हणाली होतीस. तेव्हा येथून पुढे ही वही तुझ्याविषयी असेल. तुझ्याशी बोलण्यासाठी नाही.

प्रश्न असा आहे. तिच्या पुस्तकबांधणीच्या कामशाळेचा मेलबॉक्स भरत आला आहे. दवाखान्यात जाण्यापूर्वी तिने त्यात आपोआप जाणारे एक उत्तर लावून ठेवले: "सध्या काही दिवस मी कामशाळेत नाही. परत आले की लिहीन. तोवर जुनी पुस्तकं उन्हात ठेवू नका." कोणीही लिहिले, तरी हेच उत्तर जाते. मी रोज संध्याकाळी घरून तिच्या पत्त्यावर एक रिकामा मेल पाठवतो. उत्तर येते.

मेलबॉक्स पूर्ण भरला की नवे मेल आल्या पावली परत जातील, आणि हे उत्तरही थांबेल. ते होता कामा नये. भरले आहे ते मात्र सगळे स्पॅम – टकलावरची औषधे, कर्जे, लॉटऱ्या. एक परदेशी विधवा आपली सारी इस्टेट माझ्या पत्नीच्या नावे करू इच्छिते. पुसून टाकावे, तर सकाळी त्याहून जास्त आलेले असते. नुसते पुसून भागणार नाही. तक्रार करणारे साधन निवडावे लागेल.

५ फेब्रुवारी

पहिला पर्याय: मेलमध्ये असलेलेच "तक्रार करा" हे बटण. दिवसभर दाबले. मेल शेजारच्या कप्प्यात जातो आणि तिथे तेवढीच जागा अडवतो. दारातला केर लोटून पलंगाखाली नेण्यासारखे आहे.

७ फेब्रुवारी

दुसरे साधन उतरवून घेतले. प्रत्येक तक्रारीनंतर पडद्यावर हात असलेला झाडू येऊन नाचतो. "वा! आज तुम्ही जग थोडं स्वच्छ केलंत!" मी याला जग स्वच्छ करण्यास सांगितले नव्हते. काढून टाकले.

मेहुणा कामशाळेत डोकावून गेला. तिच्या स्टुलावर बसला, ते मला रुचले नाही, बोललो नाही. साधनांची तुलना करण्यासाठी मी आखलेली कोष्टके पाहून म्हणाला, "भाऊजी, परीक्षा विभाग सोडून इतकी वर्षं झाली, पण कॉपी पकडायची खोड काही जात नाही तुमची."

"योग्य साधन निवडतो आहे."

"साधन कसलं? तुम्हाला कोणाला तरी शिक्षा करायचीय." मग स्वतःच ओशाळला. चहा न घेता गेला.

१० फेब्रुवारी

तिसरे साधन माझ्या मनासारखे आहे. मेलच्या पोटात तो कोठून कोठे फिरला याची जी नोंद असते ती वाचते, मूळ सेवा शोधते आणि तेथील जबाबदार माणसाकडे रीतसर तक्रार धाडते. शिवाय शिकत जाते: रोजचे येणे-जाणे पाहून संशयास्पद पत्ते स्वतः सुचवते. झाडू नाही. हेच ठेवले.

खाली कामशाळेच्या मालकीणबाई भेटल्या. "साहेब, घाई करत नाही मी. पण महिनाअखेरीस खोलीचं काय ते सांगा. नुसती धूळ खात पडलीय. आणि तुम्हीही."

१३ फेब्रुवारी

तक्रारी जात आहेत, पोचही येत आहे. स्पॅम कमी झाला नाही. वाढला. निवडीत कोठे चुकलो?

मुलीला फोनवर विचारले. ती या विषयातली नाही, पण तिच्या कार्यालयात असे प्रश्न येतात.

"बाबा, ते आपोआप जाणारं उत्तर अजून चालू आहे का?"

"आहे."

"मग कुठलंही टूल लावा, उपयोग नाही. त्यांच्या प्रत्येक मेलला इथून उत्तर जातंय. त्यांना कळतं, इथे कोणीतरी आहे. ते पत्ता आणखी चारजणांना देतात. आधी ते बंद करा."

"इथे कोणीतरी आहेच," मी म्हणालो.

  फोन कोणी आधी ठेवला, आठवत नाही.

१४ फेब्रुवारी

उत्तर बंद केले नाही.

१८ फेब्रुवारी

आज साधनाने स्वतःहून दोन पत्ते सुचवले. "या पत्त्यांवरून नियमितपणे रिकामे मेल येतात. मजकूर नाही, विषय नाही. यंत्राद्वारे पाठवले जात असण्याची शक्यता. तक्रार करायची?"

पहिला पत्ता माझा.

दुसरा मुलीचा.

 मुलीला फोन केला.

"तूही?"

"हो."

"मला तर बंद करायला सांगत होतीस."

"माझ्याच्याने बंद होणार नाही, बाबा. म्हणून तुम्हाला सांगितलं." मग नाक ओढत म्हणाली, "दोघांनाही यंत्र म्हटलं का त्याने?"

"दोघांनाही."

हसली. मला हसू आले की नाही, सांगता येत नाही. पण नंतर चष्मा पुसावा लागला.

तक्रार केली नाही. आणि उत्तरही तसेच चालू ठेवले. आता ते दोघांचे होते.

२१ फेब्रुवारी

सकाळी कामशाळेचे दार वाजले. रुग्णालयाच्या गणवेशातली एक नर्स. रात्रपाळी करून परस्पर आली होती.

"माझ्या वडिलांचा नकाशांचा ग्रंथ इथे बांधायला दिलाय. बाई परत आल्या का?"

ग्रंथ पुस्तक आवळून धरणाऱ्या शिकंज्यातच होता. फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, अर्धे शिवलेले. सुई दोऱ्यासकट शेवटच्या टाक्याशी खोवलेली. मी त्याला हात लावला नव्हता.

"किती वेळा लिहिलं मी. दर वेळी तेच – परत आले की लिहीन. म्हटलं, सुट्टीवर असतील, त्यांनाही विश्रांती हवी. वडील अंथरुणाला खिळलेत. रोज विचारतात, नकाशे आले का. मी रोज सांगते, बाई आल्या की येतील."

"त्या येणार नाहीत," मी म्हणालो. "त्या वारल्या. नोव्हेंबरमध्ये."

हे वाक्य मी तोपर्यंत उच्चारले नव्हते. नातेवाइकांना इतरांनीच कळवले होते.

नर्सबाई तिच्या स्टुलावर बसल्या. या वेळी ते खटकले नाही.

"मग साहेब, हे उत्तर कशाला पाठवत राहिलात?" आवाज चढला नव्हता; चढला असता तर बरे झाले असते. "माझं एक सोडा. त्या म्हाताऱ्या माणसाला मी रोज खोटी आशा लावत होते."

 शिकंजा सैल केला. सुई काढू लागलो, तर म्हणाल्या, "राहू द्या. आहे तसंच द्या. पुढचं मी शिवेन. टाके घालायची सवय आहे मला."

कागदात गुंडाळून दिले. उन्हात ठेवू नका, एवढे सांगितले.

२२ फेब्रुवारी

मुलीला फोन लावून ठेवला आणि तिच्या देखत, म्हणजे तिच्या कानावर घालत, उत्तर बंद केले. फक्त एक खूण काढायची होती.

"झालं?"

"झाले."

"आता त्या टूलचं काय?"

"चांगले आहे. राहू दे."

ज्यांची पुस्तके येथे आहेत, त्या सर्वांना माझ्या नावाने लिहिले.

२६ फेब्रुवारी

स्पॅम ओसरू लागला आहे. पुस्तके एकेक करून नेली जात आहेत. संध्याकाळी हात फोनकडे जातो. रिकामा मेल पाठवत नाही.

२८ फेब्रुवारी

कामशाळा रिकामी केली. शिकंजा मेहुण्याने नेला. कशाला, ते त्यालाही ठाऊक नसावे. निघताना मुलीचा मेल आला. रिकामा नव्हता. "बाबा, आज काय जेवलात?" रिकाम्या टेबलावर टेकून उत्तर लिहिले. बरेच लांबले.

मग दाराला कुलूप लावले. किल्ल्या मालकीणबाईंना परत केल्या.