फाटक्या कानाचा कांगारू

बाबा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली तरी माझा राग काही गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. तुम्ही गेलात तेव्हा लोक म्हणाले, पोरगी धीराची, रडली नाही. धीर कसला डोंबलाचा. तेव्हाही माझ्या डोळ्यांसमोर ते जुनं अकरावीचं प्रॅक्टिकलच होतं. कॉलेजात तुम्ही माझे सर. सगळ्यांची जर्नल्स बेडूक कापायच्या आधीच पूर्ण, गेल्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवलेली. मी एकटी शहाणी थांबले. माझ्या बेडकाचं यकृत दोनच भागांचं निघालं, म्हणून मी दोनच काढले. तुम्ही पान टराटरा फाडलंत आणि भर वर्गात म्हणालात, "तुझा बेडूक चुकलाय. पुस्तकात तीन आहेत ना? मग तीन काढ." पोरं फिदीफिदी हसली. मी तीन काढले. तुम्ही पैकीच्या पैकी मार्क दिलेत आणि जेवताना आईला कौतुकाने सांगितलंत. त्यानंतर मी चित्र काढलं नाही. का, ते तुम्ही कधी विचारलंही नाहीत.

आता मी कॅनबेरात एका लायब्ररीत जुन्या चित्रांचं स्कॅनिंग बघते, गुंगालिन नावाच्या उपनगरातून ट्रामने जाते. सध्या समोर आहेत ती दोनशे वर्षांपूर्वीची चित्रं. फ्रेंच जहाजं शास्त्रज्ञ आणि चित्रकार घेऊन पॅसिफिकमध्ये आली होती, तेव्हाची. एकाच कांगारूची दोन चित्रं आहेत. पहिलं जहाजावर, जिवंत प्राणी बघून काढलेलं: हाडं वर आलेली, एक कान फाटका. दुसरं त्याच्यावरून पॅरिसला छापलेलं: गुबगुबीत, दोन्ही कान शाबूत, मागे झाडंबिडं. म्हणजे तिथेही कोणीतरी तुमच्यासारखा बसला होता.

लायब्ररी या चित्रांचं प्रदर्शन भरवतेय, त्यात कांगारूच्या एकाच चित्राला जागा. बॉस म्हणाली, "युअर कॉल, मेट." आठवडाभर माझं पक्कं होतं, जहाजावरचंच लावायचं, तुमच्या नाकावर टिच्चून. शुक्रवारी दोन्ही प्रिंट भिंतीवर लावून बघितले. बॉस कॉफी घेऊन उभी. मी छापलेल्या चित्राकडे बोट केलं. "रिअली?" ती म्हणाली. मी म्हटलं, याचे रंग छान टिकलेत. खोटं. हे पत्र कुठे पाठवायचं असतं तर पुढचं लिहिलंच नसतं. मला तेच चित्र बरोबर दिसलं, बाबा. तो हडकुळा, खरा प्राणी मला चुकलेला वाटला. याबद्दल तुम्हाला माफी नाही.